वर्न टॅलिसची टेकडी

प्रभाकर ढोले गेल्याचा फोन त्याच्या मुलीने केला तेव्हा मी चँडलर या आमच्या इथल्या वाळवंटी गावातल्या एका इंडियन ग्रोसरीत जाड पोहे शोधत होतो. "काका, बाबा इज नो मोर," ती म्हणाली. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता शनिवारचं काय. हसू नका, आमची सगळी मैत्रीच शनिवारची होती. त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर रडलो. आता तसं रडू येत नाही, कारण मध्यंतरी एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून मी त्याच्यावर भयंकर चिडलेलो आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं. जमेल तेवढं लिहितो.

ढोले नागपूरचा, मी पुण्याचा. दोघंही कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या एकाच कंपनीतून रिटायर झालो. रिकामपणी त्याला वर्न टॅलिस नावाचा मूकपटांच्या काळातला एक विस्मृतीत गेलेला काउबॉय सापडला आणि त्याचं खूळच लागलं. कुठल्याशा रँचवर घोडे सांभाळणारा हा पोरगा, घोड्यावरून छान पडता येतं एवढ्या भांडवलावर हॉलिवूडमध्ये शिरला. आधी गर्दीतला एक, मग खलनायकाचा साथीदार, मग हीरो. पोस्टरवर त्याच्याइतकंच मोठं नाव त्याच्या घोड्याचं असायचं. मग बोलपट आले आणि स्टुडिओने त्याला काढून टाकलं, पण ते त्याला कळवलंच नाही. तो नेहमीसारखा कामावर गेला, तर त्याच्या खोलीत दुसऱ्याच नटाचे कपडे टांगलेले. पुढे तो इतरांच्या बोलपटांत गुत्त्याच्या भिंतीला टेकून उभा राहिलेला दिसतो, तोंडी एक वाक्य नाही. हे सांगताना ढोलेचा आवाज दर वेळी चढायचा. "अबे, काढलं तर काढलं. पण सांगायला काय जात होतं? फेस टू फेस सांगायचं ना यार." हे वाक्य आता आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

टॅलिसच्या शेवटच्या मूकपटाचा शेवट आमच्याच भागातल्या वाळवंटात चित्रित झालेला आहे. घोड्याचा लगाम धरून तो पाठमोरा चालत जातो आणि समोर डोंगराची रांग असते. ती जागा शोधून काढायची, हा आमचा उद्योग. पद्धत ढोलेची. चित्र थांबवून पारदर्शक प्लास्टिकवर डोंगराची कड रेखायची, आणि वाळवंटात जाऊन ते प्लास्टिक डोळ्यांसमोर हातभर अंतरावर धरून खऱ्या डोंगराशी जुळतं का पाहायचं. झाडं मरतात, रस्ते होतात, पण डोंगराची कड हलत नाही. नोकरीत त्याने आयुष्यभर चिपचे थर एकावर एक बिनचूक बसवले होते, हेही तेच काम आहे म्हणायचा. प्लास्टिकच्या कोपऱ्यात त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'ही बाजू आपल्याकडे'. मी ते धरायचो, तो मागे उभा राहून "थोडं लेफ्टला घे" म्हणायचा. उन्हाने टाळकं तापायचं, निवडुंगाचे काटे पँटमधून आत जायचे, आणि काही म्हणजे काही जुळायचं नाही. "पुढच्या शनिवारी बघू," तो अगदी आनंदात म्हणायचा. अपयश इतकं हसतमुखाने घेणारा माणूस मी पाहिला नव्हता, आणि मला त्याचं कौतुक होतं.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी सुनंदावहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला. "भाऊजी, ह्यांच्या आवडीच्या जागेवर मला एकदा घेऊन चला. कच्चा रस्ता आहे, मला ड्राइव्ह करायला जमणार नाही." मला वाटलं, आमच्या हिंडण्यातलीच एखादी जागा असेल. पण वाट त्याच सांगत होत्या, इथून लेफ्ट, त्या पाण्याच्या टाकीपाशी राइट, आणि त्या वाटेला मी कधीही गेलेलो नव्हतो. उतरलो. समोरची रांग पाहून काहीतरी खटकलं, म्हणून शेवटच्या शनिवारपासून माझ्या गाडीतच राहिलेलं प्लास्टिक आणून समोर धरलं. जुळेना.

"उलटं धरा," वहिनी म्हणाल्या. "हे पालथं करून धरायचे."

उलटं धरलं. कडेवर कड अशी बसली, की केसाइतकाही फरक नाही. कधीकाळी कॉपी काढताना कोणीतरी फिल्म पालथी लावली होती आणि आम्ही पाहत होतो त्या चित्रात डावं-उजवं बदललं होतं. थर पालथा पडलाय हे मला कधी सुचलं नाही. ढोलेला ते कळलं होतं. आणि कळल्यावरही तो दर शनिवारी तेच प्लास्टिक, तीच बाजू आपल्याकडे करून, माझ्या हातात देत राहिला.

"कधी सापडली ही?" मी विचारलं.

"झाली की काही वर्षं. मला म्हणाले, सतीशला सांगू नको. टेकडी सापडली की तो यायचा बंद होईल."

त्यांना वाटलं, मला हे ऐकून बरं वाटेल. मुलगीही नंतर फोनवर म्हणाली, "दॅट्स सो स्वीट, काका." मला त्यात काही गोड दिसत नाही. ज्या डोंगरांत ती जागा नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, त्यांच्यासमोर त्याने मला उभं केलं, आणि मागून "थोडं लेफ्टला घे" म्हणत राहिला. टॅलिसला कोणी सांगितलं नाही म्हणून कळवळणारा माणूस मला सांगायला घाबरला.

शनिवारी अजूनही पहाटे जाग येते. चहा करतो, बूट घालून खुर्चीत बसतो आणि मनातल्या मनात त्याच्याशी भांडतो... अरे, मला घोड्यांचे सिनेमे कधीच आवडले नाहीत. तू पहिल्यांदा टॅलिस दाखवलास तेव्हा मी निम्म्यात झोपलो होतो. मी काय त्या टेकडीसाठी येत होतो? सापडली म्हणाला असतास, तर त्याच टेकडीवर जाऊन चहा प्यायलो असतो, पुढच्या शनिवारी, आणि त्याच्या पुढच्याही. एकदा विचारायचं तरी होतंस. मी हो म्हणालो असतो.