कायझनची खुर्ची

विश्वास हा प्रत्येक नात्याचा पाया असतो. हे वाक्य माझं नाही. चाकणच्या एका कंपनीच्या रिसेप्शनमागच्या भिंतीवर ते स्टीलच्या अक्षरांत लावलेलं आहे. त्याच्या बरोबर खाली, काचेतून येणाऱ्या ऑक्टोबरच्या उन्हात, पिंजऱ्यात एक ओली चिंचिला थरथरत होती. कपाळावर कुंकू होतं.

"डॉक्टर, हा कोऑपरेट करत नाहीये," एचआर हेड रणदिवे म्हणाले. "हात लावला की अंगाची लोकर सोडतो. पुढच्या शुक्रवारी कस्टमर व्हिजिट आहे."

"ओली कशी झाली?"

"आज खंडेनवमी ना, मॅडम. सकाळी सगळ्या मशीन धुतल्या. मग हार, कुंकू. म्हटलं, कायझनलाही घेऊ."

कायझन म्हणजे रोज थोडी थोडी सुधारणा. हा जपानी शब्द आमच्या पट्ट्यातल्या प्रत्येक कंपनीत भिंतीवर असतो. इथे तो चार दिवसांपूर्वी लॉबीच्या शोभेसाठी आणलेल्या प्राण्याला दिला होता. त्यासाठी 'नाव सुचवा' स्पर्धा झाली होती आणि ती रणदिव्यांनीच जिंकली होती.

माझं क्लिनिक भोसरीत. पेशंट म्हणजे कुत्री, मांजरं, अधूनमधून एखादी म्हैस. चिंचिला मी त्याआधी तीनच पाहिल्या होत्या. पण तीन पाहिल्या तरी एवढं कळतं: सशाच्या जातकुळीतला वाटणारा, पण खरं तर उंदराच्या कुळातला हा प्राणी थंड, कोरड्या डोंगरांतला. फर इतकी दाट की पाणी आत गेलं तर सुकत नाही आणि खाली बुरशी धरते. म्हणून तो पाण्याने नाही, बारीक राखेसारख्या धुळीत लोळून अंघोळ करतो. पंचवीस डिग्रीच्या वर तापमान गेलं की त्याचा जीव धोक्यात. आणि कुणी पकडलं की केसांचा पुंजका पकडणाऱ्याच्या हातात सोडून पळतो. त्याला कोऑपरेशन कमी म्हणत नाहीत, भीती म्हणतात.

पिंजऱ्यातला ट्रे पाहिला. लेंड्या मोजून सात. बारीक, सुकलेल्या.

"हिने खाणं कधी सोडलं?"

"हिने? हा मेल आहे."

"मादी आहे. आणली त्या खोक्यावर लिहिलंय."

रणदिव्यांनी खोकं फिरवून वाचलं. चार दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी वाचलं असावं. मी टॉवेल घेतला, तिला कोरडं केलं, कुंकू पुसलं. या प्राण्याच्या पोटात सतत चारा सरकत राहावा लागतो. खाणं थांबलं की आतडं थांबतं, आणि आतडं थांबलं की दोन दिवसांत सगळंच थांबतं. वाटलेल्या गवताची पेस्ट सिरिंजने भरवली. पण सिरिंज म्हणजे पुन्हा पकडणं, आणि पकडणं म्हणजे पुन्हा भीती. ती आपणहून खायला लागली तरच वाचणार होती. त्यासाठी तिला निदान एका माणसाची भीती वाटेनाशी व्हायला हवी होती.

"इथून आत्ता हलवा," मी म्हणाले. "तुमच्याकडे सगळ्यात थंड जागा कुठली?"

"स्टँडर्ड रूम, मापं तपासायची. पण तिथे नाही चालणार. वीस डिग्रीला ठेवतो, मॅडम. प्रिसिजन असतं. तापमान वाढलं तर मापायचे गेज फुगतात."

तेव्हा माझा आवाज चढला. लोखंडाची पट्टी केसभर फुगू नये म्हणून या इमारतीत चोवीस तास एसी चालतो आणि जिवंत प्राणी चौतीस डिग्रीत काचेमागे शोपीस म्हणून ठेवलाय, असं मी रिसेप्शनभर ऐकू जाईल इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं. गेटवरचा सिक्युरिटीवाला आत डोकावला. पिंजरा स्टँडर्ड रूमच्या कोपऱ्यात गेला.

"अजून धूळ लागेल," मी म्हणाले.

"धूळ?" सिक्युरिटीवाला म्हणाला. "चाकणमधी? मॅडम, गेटबाहेर पाच मिनिटं उभं करा ना तिला."

त्या दिवसभरात शहाणपणाचं वाटेल असं तेवढंच कुणीतरी बोललं. खास धूळ मी माझ्या क्लिनिकमधून पाठवली. गेजवर बसू नये म्हणून ती खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये, झाकणाच्या टबात; लोळायच्या वेळी पिंजराच तिथे न्यायचा.

मग मी विश्वासाची पद्धत सांगितली. ती फार सोपी आहे, म्हणून कुणाला जमत नाही. एकाच माणसाने रोज ठरल्या वेळी, सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला, पिंजऱ्याशेजारी अर्धा तास बसायचं. बोलायचं नाही. फोन नाही. तळहात उघडा, पिंजऱ्याच्या आत, तळाशी. ती येईल तेव्हा येईल. उचलायचं तर अजिबात नाही.

"ही एंगेजमेंट अ‍ॅक्टिव्हिटी मी स्वतः लीड करतो," रणदिवे म्हणाले.

ते त्याच संध्याकाळी बसले. चौथ्या मिनिटाला त्यांनी फोन स्पीकरवर घेतला. सहाव्या मिनिटाला बोट पुढे करून "कायझन, कम" म्हणाले. चिंचिला मादी घाबरली की मागच्या पायांवर उभी राहून नेम धरून लघवी करते. नेम चांगला असतो. रणदिवे शर्ट बदलायला गेले.

दारात लादी पुसत सुलोचना मावशी उभ्या होत्या. कॉन्ट्रॅक्टवरच्या हाउसकीपिंगच्या. गाव लातूरकडचं, खोली कुरुळीला, ड्युटी सात ते सात.

"मावशी, तुम्ही बसाल?"

"बसू? हितं?" त्यांनी मागे वळून पाहिलं. "साहेब रागावत्याल की."

"मी सांगते त्यांना."

"आन् काय करायचं बसून?"

"काही नाही."

"काहीच नाई?" त्यांना हे पटलं नाही. त्यांनी साडीच्या टोकाने खुर्ची पुसली, तिच्या कडेला टेकल्या, आणि हात पिंजऱ्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दसरा. कंपनीला सुट्टी, हाउसकीपिंगला नव्हती. मी सिरिंज घेऊन गेले तेव्हा मावशी खुर्चीत होत्या, कडेला नाही, नीट टेकून. चिंचिला पिंजऱ्यातल्या लपायच्या लाकडी खोक्याच्या दारात. तिसऱ्या दिवशी तिने बोटं हुंगली. चौथ्या दिवशी मावशींनी कुजबुजत फोन केला, "डॉक्टरबाई, हातावर पाय दिले हो तिनं. आन् गवत खाल्लं. मी हल्लेच नाई." ट्रेमध्ये लेंड्या किती, विचारलं. "लई. मोजल्या नाईत, झाडल्या." मी सिरिंज बंद केली.

गुरुवारी रणदिव्यांचा फोन. "उद्या सकाळी दोन तास फक्त लॉबीत ठेवतो. एमडींची इच्छा आहे."

"ठेवा. फक्त लिहून द्या, मेली तर जबाबदारी तुमची. खाली सही."

आमच्या पट्ट्यात सहीइतकं गुणकारी औषध दुसरं नाही. पिंजरा जागेवर राहिला. ठरलं की पाहुण्यांना काचेबाहेरून दाखवायचं.

शुक्रवारी साडेनऊला पाहुणे आले. त्याआधी मावशींना पँट्रीत थांबायला सांगितलं होतं. हाउसकीपिंग व्हिजिटमध्ये दिसू नये, असा नियम आहे. रणदिवे काचेसमोर उभे राहून विश्वासाच्या संस्कृतीवर सात मिनिटं इंग्रजीत बोलले. सात मिनिटं मागे लाकडी खोकं दिसत होतं. कायझन त्याच्या आत होती. तिच्या ओळखीची एकच व्यक्ती पँट्रीत होती.

संध्याकाळी मी शेवटची तपासणी केली. वजन वाढलं होतं. मावशींना विचारलं, एवढं स्थिर कसं बसता आलं?

"ऑर्डर होती ना बसायची," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांत पैलीच."

चिंचिला आजही तिथेच आहे, मावशीही. कंपनीत प्रत्येक वस्तूवर ती कशासाठी आहे याचं लेबल लागतं. मावशी बसतात त्या खुर्चीवर लावलं आहे: 'फक्त चिंचिलासाठी'.