आम्ही म्हणजे कोण?

तलासरी नाक्यावर पुण्याची गाडी थांबली तेव्हा माझी पिशवी आईच्या हातात होती आणि ती सोडेना. कंडक्टर दारातून ओरडला, "चढायचं का नाय? हायवे हाय बाई, गाडी उभी नाय राहत!" मग आईनं पिशवी माझ्या पोटाशी ढकलली आणि म्हणाली, "जा. आमी नाय रडत."

आमी म्हणजे ती एकटीच. बाबा सौराष्ट्रात बोटीवर खलाशी होते, थोरली बहीण लग्न होऊन सरावलीला गेली होती. पाड्यावरून नाक्यापर्यंत अंधारातच आम्ही दोघी चालत आलो होतो. सीट मिळाल्यावर मी काचेतून मागं पाहिलं, तर ती पाठ फिरवून चालायला लागली होती, कामाला उशीर झाल्यासारखी भराभर.

दहावीची परीक्षा झाल्यावर मी पुण्याजवळच्या एका निवासी शिबिराला चालले होते. पाच आठवडे, गणित आणि विज्ञान. फॉर्म आमच्या गणिताच्या बाईंनी भरला होता. शिबिराच्या शेवटी चाळीस मुलांतून सहा जणांना तिथेच अकरावी-बारावी शिकायला मिळणार होतं, राहणं-जेवण सगळं संस्थेचं. "सहांत ये," बाई म्हणाल्या होत्या. "नाही आलीस तर मी रागावणार नाही. पण ये." न येण्याचा अर्थ मला ठाऊक होता. आमच्या वर्गातल्या ज्या मुली दहावीनंतर थांबल्या, त्या पहाटेच्या टेम्पोत उभ्या राहून घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत कामाला जातात. मी स्वतः तीन उन्हाळे त्या टेम्पोत उभी राहिले आहे.

तुमच्यापैकी जे असे अचानक घराबाहेर पडले असतील त्यांना पहिले दिवस वेगळे सांगायला नकोत. शिकवणाऱ्यांना सर-बाई न म्हणता दादा-ताई म्हणायचं, हे मला जमेना; माझ्या तोंडी मॅडमच यायचं. मेसमध्ये ताट स्वतः धुवायचं, हे एकच मला तिथल्या सगळ्यांपेक्षा चांगलं येत होतं. माझ्या खोलीत नाशिकची ऋचा होती. ती पाचवीपासून अशी शिबिरं करत आली होती. मी बोलायला लागले की ती हसायची. "आम्ही भाकरी खातो, आम्हाला झोप आली, आम्ही आंघोळ करून आलो! सुनंदा, तू मोर्चा घेऊन आली आहेस का गं?"

तेव्हा माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की मी असं बोलते. आमच्या पाड्यावर सगळेच बोलतात. घर शाकारायला, भात लावायला अख्खा पाडा येतो. त्यामुळे एखाद्यानं एकट्यानं विहिरीतला गाळ काढला तरी तो 'आमी काढला' असंच सांगतो. 'मी काढला' म्हटलं की म्हातारी माणसं मान वर करून बघतात, याला काय झालं म्हणून.

चौथ्या आठवड्यात प्रकल्प आला. दोघादोघांचे गट. आवारातल्या मोठ्या आंब्यावर पानं किती, ते पान न तोडता तीन दिवसांत काढायचं आणि रीत लिहून द्यायची. बाहेरची मदत घेतली तर प्रकल्प रद्द. माझ्या गटात ऋचा होती, आणि पहिल्याच संध्याकाळी तिला ताप भरला. तिला आजाऱ्यांच्या खोलीत हलवलं.

मी झाडाखाली उभी राहिले. वाडीत व्यापारी झाडावरचा माल उभ्या उभ्या ठरवतो, तेव्हा आई त्याच्या आधी मनात आकडा काढून ठेवते. ती एक फांदी धरते, तिच्यावरचे चिकू मोजते, मग तसल्या फांद्या मोजते. पण उन्हाकडची फांदी वेगळी आणि आतली सावलीतली वेगळी. "सावलीची फांदी कंजूस असते," ती म्हणते. "दोघींना एका मापानं मोजलं का फसलीस." मी आंब्याचे तसेच दोन भाग केले. वरच्या फांद्यांसाठी शिडी हवी होती. बागेतल्या शिवरामकाकांनी आणून दिली आणि खाली धरून उभे राहिले. "पडू नको गं बाई," ते म्हणाले. "झेलायला माझी कंबर राहिलेली नाही." दोन दिवस मी मोजत होते. तिसऱ्या दिवशी सहा पानं लिहिली आणि खाली दोघींची नावं टाकली.

प्रकल्प दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी मला कार्यालयात बोलावणं आलं. एकटीला.

मी बाहेरच्या बाकावर बसले. ऋचा शाल पांघरून तिथवर आली. "काय विचारतील ते विचारू देत. तू फक्त 'मी' म्हण. मी तर तापात पडले होते. माझं नाव काढून टाक."

"गट दोघींचा आहे."

"अगं वेडे, सहा जागा आहेत!"

शिबिरप्रमुख मॅडमच्या टेबलावर माझा प्रकल्प होता आणि त्यात ठिकठिकाणी तांबड्या पेनानं गोल केले होते. मला वाटलं, गणितं चुकली. जवळून पाहिलं तर प्रत्येक गोलात एकच शब्द होता. आम्ही.

"आम्ही फांद्या निवडल्या. आम्ही ऊन-सावलीचे भाग केले," मॅडमनी वाचलं. "ऋचा तर आजारी होती. मग हे आम्ही म्हणजे कोण?"

आमच्याकडे मोठं माणूस विचारतं तेव्हा खाली बघायचं असतं, तशी मी खाली बघत राहिले. त्यांना ते वेगळंच दिसलं असणार.

"हे बघ सुनंदा. झाडाचे असे भाग पाडून मोजायची रीत दहावीच्या पुस्तकात नाही. कॉलेजात शिकवतात. तुला कोणीतरी सांगितलं आहे. कोण ते सांग, नाहीतर मला हा प्रकल्प बाजूला ठेवावा लागेल."

काकांचं नाव घेतलं तर त्यांना बोलणी बसतील, कदाचित काम जाईल. नाही घेतलं तर ते खोटं. टेम्पोचा हॉर्न मला तिथे पुण्यात ऐकू यायला लागला.

"मोजलं मी," मी म्हणाले. तो 'मी' तोंडात दुसऱ्याचा घास आल्यासारखा लागला. "शिडी काकांनी धरली. मोजलं नाही, फक्त धरली. त्यांना बोलू नका. रीत आईची आहे."

"आई काय करतात?"

"वाडीत जाते. चिकू काढायला."

मॅडम चप्पल घालून उठल्या. "चल."

मेसच्या मागं लिंबाचं झाड होतं, फळांनी भरलेलं. "सांग किती." मी दोनदा भोवती फिरले. आत वाकून सावलीतल्या फांद्या पाहिल्या आणि म्हणाले, एकशे चाळीस. मॅडमनी मेसमधल्या दोघांना टोपल्या घेऊन बोलावलं. लिंबं एकेक करून उतरत होती आणि मी मनात मोजत उभी होते. एकशे बावन्न भरली.

"बारा कमी," मॅडम म्हणाल्या.

"सावलीतली घाईत बघितली," मी म्हणाले. मेसवाल्या मावशी म्हणाल्या, "बरं झालं, यंदा लोणचं लवकर पडलं," आणि मॅडम पहिल्यांदा हसल्या.

त्या सहांत माझं नाव आलं. ऋचाचंही आलं, तिच्या स्वतःच्या गुणांवर. त्या दोन वर्षांनी मला पुढचं सगळं दिलं. संख्याशास्त्राची पदवी, पुण्यातली नोकरी, आई-बाबांच्या हातातले फोन. शिवरामकाकांना कोणी काही बोललं नाही. या सगळ्याचं ऋण माझ्यावर आहे आणि मी ते मानते.

एक गोष्ट मात्र अजून टोचते. आमचा प्रकल्प संस्थेच्या पुस्तिकेत छापायचं ठरलं तेव्हा तो नीट करून आणायला सांगितला. मी पेन्सिलीनं प्रत्येक 'आम्ही'चा 'मी' केला. ऋचानं हट्टानं स्वतःचं नाव काढायला लावलं. आणि रीत कोणाची, ते लिहायचं माझ्या मनातच आलं नाही. कोणी नको म्हटलं नव्हतं. मीच तेवढ्यात तिथली झाले होते.

सुट्टीत पुस्तिका घरी नेली. आईला वाचता येत नाही. तिनं हात पदराला पुसले, पान उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "यात आमी कुठं हाय?"

मी तिचं बोट धरून माझ्या नावावर ठेवलं. ती खूश झाली. शेजारणींना बोलावून तिनं तेच नाव दाखवलं.

आता ऑफिसात वर्षाच्या शेवटी अप्रेझलचा फॉर्म भरायचा असतो, मी काय केलं, मी काय साध्य केलं. तो मला चांगला भरता येतो. पाड्यावर जाणं दिवाळीला आणि मे महिन्यात होतं. नाक्यावर उतरले की रिक्षावाले माझ्याशी हिंदीत बोलतात. पण रोज दिवे लागले की आईचा फोन येतो. बाबा बोटीवर असतात, घरात ती एकटी असते.

"आमी जेवलो," ती सांगते. "तू?"

खोलीत माझं एकटीचं ताट असतं.

"आमी पण जेवलो, आई," मी म्हणते.