झाकणावरचं कुंकू

सत्तर सालानंतरची गोष्ट. कराडला लागून मलकापुरात अडुळशाचा अर्क काढणारा एक छोटा कारखाना होता. तिथे मी केमिस्ट होते. माल शुद्ध असल्याचा दाखला माझ्या सहीने निघे आणि सहीच्या बाबतीत मी भलतीच चिकट. मालक त्यावरून सारखे वैतागत.

परदेशी जाणारा आमचा तो पहिलाच माल. अर्काची भुकटी पिंपांत भरून झाली होती आणि दुपारी सरकारी तपासनीस नमुना घ्यायला यायचा होता. नमुन्यात बाहेरचं काही सापडलं, तर सगळाच माल नापास. परदेशातलं ते गिऱ्हाईक पुन्हा आमच्याकडे फिरकलं नसतं. झाकणं लावायला गेले तर एका पिंपात तपकिरी भुकटीवर लालभडक कुंकू. मालकीणबाई, म्हणजे आमच्या आक्का, करंडा घेऊन दुसऱ्या पिंपाकडे निघालेल्या.

माझं डोकंच फिरलं. "आक्का, थांबा आधी," मी ओरडलेच.

ओरडा ऐकून मालक आले. म्हणाले, वरचा थर काढून टाका. मी म्हटलं, अर्धं पिंप उपसलंत तरी सही मिळणार नाही.

"मग उद्यापास्नं घरी बसा, बाई."

आक्कांना बिघडलं काय तेच कळेना. त्यांचा मुलगा फौजेत होता. "पोरगा रजेवरनं निघाला की ट्रंकंत कपड्यांवर कुंकू टाकती मी. म्हंजी परत येतोय त्यो."

"अहो, पण हा माल परत आला तर आपण बुडलो की," मी म्हटलं.

आक्कांनी करंड्याचं झाकण लावलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, ते पिंप बाजूला काढा. पोरगी बराबर बोलतीया." मालक धुसफुसले, पण पिंप काढलं. बाकीचा माल पास झाला. एक पिंप कमी म्हणून गिऱ्हाइकाने कुरकुर केली, तेवढंच. माझी नोकरीही राहिली.

पुढच्या खेपेला झाकणं लागेपर्यंत आक्का पायरीवर बसून होत्या. मग उठून एकेका झाकणावर त्यांनी कुंकू लावलं, हात जोडले. मी चेष्टेने विचारलं, देवाकडे काय मागितलंत?

"ह्यो माल परत आणू नगंस, म्हनलं," त्या म्हणाल्या. "पन जीभ रेटंना बघ. डोळ्याफुडं सारखी ती ट्रंकच येती."