अठ्ठावीस बार गप्प

सातारा स्टँडवर पुण्याची एसटी लागली, तेव्हा आबांनी माझ्या हातात चष्म्याचं जुनं घर दिलं. आत चष्मा नव्हता, क्लॅरिनेटच्या तोंडाला बांधतात त्या वेताच्या चार पत्त्या कापसात गुंडाळलेल्या होत्या. वडील पोराला करतात तसा उपदेश त्यांनी केला नाही. गाडी हलताना खिडकीशी चालत एवढंच म्हणाले, "तिकडं तुजा दम कोण झेलणार रं?"

हा प्रश्न बँडवाल्याचा आहे. मेढ्याजवळ आमचं दीड एकर डोंगरउताराचं रान होतं. ते आई बघायची आणि आबा साताऱ्याच्या एका बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवायचे. वरातीत दोन क्लॅरिनेट असत. एकाला श्वास घ्यायचा असला की दुसऱ्यानं सूर धरून ठेवायचा. याला ते 'दम झेलणं' म्हणत. जोडीदार अचानक गप्प झाला, तर विचारत बसायचं नाही, त्यानं सोडलेला सूर तिथूनच उचलायचा. "सूर भुईवर पडू दिऊ नगं," हे मी त्यांच्याकडून किती वेळा ऐकलं, त्याचा हिशेब माझ्यासारख्या मोजणाऱ्या माणसालाही लागत नाही. सुट्टीत मीच त्यांचा जोडीदार असे.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या मध्यातली. परराज्यातल्या एका विद्यापीठाच्या संगीत विभागात मला शिष्यवृत्ती मिळाली होती. तिथं विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद होता. बेचाळीस जण, त्यात क्लॅरिनेट दोन. समोर कागद, त्यावर सगळं लिहिलेलं. चार मात्रांचा एक बार, आणि किती बार वाजवायचं, किती बार थांबायचं, तेही लिहिलेलं. पहिल्या सुट्टीत घरी आलो आणि सांगितलं की आमच्यापुढं कंडक्टर उभा असतो. आबा म्हणाले, "तिकिटं फाडतो व्हय?" आई हसून हसून चुलीपुढून उठली. मीही हसलो, पण मनात म्हटलं, यांना काय कळणार. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. वय ही सबब नव्हे.

मी दर पंधरवड्याला पत्र लिही. बेचाळीस जण, अकरा व्हायोलिनं, तालमीचे तास, सगळे आकडे त्यात असत. एक आकडा कधीच लिहिला नाही. आम्ही बसवत होतो त्या रचनेत दोनशे सोळा बार होते आणि त्यातले मी वाजवायचे सदुसष्ट. उरलेले एकशे एकोणपन्नास बार मी क्लॅरिनेट मांडीवर ठेवून गप्प बसायचो आणि मनात मोजायचो. एवढ्या लांब जाऊन पोरगा बहुतेक वेळ गप्प बसतो, हे आबांना कळवायची मला लाज वाटली. पुढचं सगळं त्या न लिहिलेल्या आकड्यामुळं घडलं.

तिसऱ्या वर्षी वाद्यवृंदाचा दौरा निघाला आणि त्यात सांगलीचा कार्यक्रम होता. मी आबांना कार्ड टाकलं. खाली एक ओळ जास्तीची लिहिली: 'येताना पांढरा सदरा घालून यावे.'

त्या दिवशी कराडला त्यांचं लग्नाचं काम होतं. मुहूर्त लांबला. कपडे बदलायला वेळ राहिला नाही, म्हणून ते तसेच एसटीत बसून सांगलीला आले. पडदा उघडला तेव्हा नवव्या रांगेत लाल कोट दिसला, खांद्यावर पिवळ्या झालरी, मांडीवर क्लॅरिनेटची पेटी. त्यांनी हात वर केला. मी कागदाकडं बघितलं.

रचनेच्या मध्यावर बारा बारांची संथ धून माझी एकट्याची होती आणि तिच्यानंतर मला अठ्ठावीस बार थांबायचं होतं. धून संपली, मी वाद्य खाली घेतलं आणि मोजायला लागलो. एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार. पाचव्या बाराला सभागृहातून क्लॅरिनेटचा आवाज आला. मी सोडलेला सूर, तोच, तिथूनच उचललेला. पुढं तीच धून, एकदा ऐकून पाठ झालेली, पण उघड्या रस्त्यावर वाजवायच्या जोरानं.

लोक हसायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बँडवाले, नवरदेव कुठाय?" दोन स्वयंसेवक धावले. त्यांनी आबांना दंडाला धरून उठवलं तेव्हा वाजवणं थांबलं आणि आवाज आला, "आवं, सोडा की! त्येचा दम सुटलाय!"

ते आपल्या पोराबद्दल बोलतायत, हे तिथं फक्त मला माहीत होतं. मी उठू शकत होतो, निदान मान वर करून बघू शकत होतो. मी मोजत राहिलो. एकोणीस-दोन-तीन-चार. वीस-दोन-तीन-चार. तेविसाव्या बाराला मागचं दार लागलं. एकोणतिसाव्याच्या पहिल्या मात्रेवर मी बरोबर सूर लावला.

मिनिटाला चौऱ्याऐंशी मात्रांच्या लयीत अठ्ठावीस बार म्हणजे ऐंशी सेकंद. हे गणित मी नंतर अनेकदा केलं. ऐंशी सेकंद पुष्कळ असतात.

कार्यक्रम संपल्यावर कंडक्टर सरांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. "एक मात्रा भी नहीं गिरी," ते म्हणाले. मग विचारलं, "कौन था वो?" कुणीतरी म्हणालं, "होगा कोई बँडवाला." मी क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवलं. त्यापुढं दोन वर्षं नव्या विद्यार्थ्यांना सांगलीचा किस्सा सांगितला जाई. एकदा तो ऐकताना मीही हसलो.

त्या दिवशी कार्यक्रमानंतर आबा मला सांगलीच्या एसटी स्टँडवर सापडले. साताऱ्याच्या गाडीची वाट बघत बाकावर बसले होते. कोट काढून घडी घातलेला. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "दम सुटला वाटलं रं तुजा. दुसरा पोरगा बी झेलंना, म्हनून मी..."

"आबा, तिथं थांबायचं असतं. कागदावर तसं लिहिलेलं असतं."

त्यांनी जरा विचार केला. "गप बसायचं बी लिवून देत्यात व्हय?"

"हो."

"मग बराबर केलंस," ते म्हणाले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. गाडी लागली. त्यांनी रागवावं म्हणून मी थांबलो होतो. ते रागावले नाहीत.

आबा जाऊन अकरा वर्षं झाली. मी शिकलो त्याच शहरात राहिलो, संसार केला, आता शाळेत संगीत शिकवतो. मुलांना बार मोजायला शिकवतो आणि चांगलं शिकवतो. चष्म्याचं ते घर टेबलाच्या खणात आहे. चारपैकी एक पत्ती अजून कोरी आहे.

मेढ्यात राहिलेले लोक विचारतात, घरी कधी येणार? माझ्यासारखे दूर गेलेले म्हणतात, आता हेच आपलं घर. माझं घर या दोन्हीकडं नाही. मी गप्प झालो की आधी कारण न विचारता ज्यानं माझा सूर उचलला, तो माणूस माझं घर होता. त्याला दंडाला धरून बाहेर नेत होते, आणि मी मोजत होतो. आजही कुठं नुसता बसलो की आकडे आपोआप सुरू होतात, आणि तेविसावर दार लागतं.