बेडूक शोधायला माहेरी

आमची शेवंती सड्यावरचा दगड उलटून बघितल्याशिवाय पुढे जायची नाही. सडा म्हणजे आमच्या आंबोलीचं उघडं कातळाचं पठार. डोक्यावरचा गवताचा भारा खाली ठेवायची, दगड कलता करायची, खाली कोण बसलंय ते बघायची आणि दगड होता तसा परत ठेवायची. मी चिडलो तर म्हणायची, "कोणाचातरी घर आसा ता. नीट झाकूक नको?"

ती देवगडकडची, समुद्राकाठची. घाटावर लग्न करून आली आणि मासळीला मुकली. इथे जे दिसेल ते तिला माशासारखं दिसायचं. सड्यावर एक लहान बेडूक असतो, खरबरीत पाठीचा, कुशीला पिवळे पट्टे. पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हणाली, "हो तर बांगडो." पुढे घरात सगळे त्याला बांगडाच म्हणायला लागले. बेडकाला आमच्याकडे बेबो म्हणतात. माझी आई टोमणा मारायची, "हिका बेबे दिसले तरी कालवण आठवता."

साठ सालाच्या आसपास एका पावसाळ्यात कोल्हापूरकडचे एक प्रोफेसर आमच्या पडवीत उतरले. ह्याच बेडकासाठी आले होते. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. ते स्पिरिटच्या बाटलीत बेडूक ठेवायचे, भिंगातून बोटं बघायचे. शेवंतीने ठेवलेलं नाव ऐकून पोट धरून हसले. म्हणाले, "वहिनी, तुम्हाला नाव ठेवणं सोपं. मला आधी दाखवावं लागेल की हा आजवरच्या सगळ्या बेडकांहून वेगळा आहे. आणि तो इथेच राहतो की खालीही, तेही बघावं लागेल." सावंतवाडी, बांदा सगळीकडे विचारून आले होते. कोणी बघितला नव्हता.

शेवंती चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. तिथूनच म्हणाली, "आमच्या गावच्या सड्यार आसत. मी न्हानपणी बघितलंय."

तिची आई अंथरुणाला खिळल्याचा निरोप येऊन आठवडा झाला होता. पण भाताची लावणी चालू होती आणि माझ्या आईने सांगितलं होतं, लावणी आटपल्याशिवाय कोणी कुठे जायचं नाही. शेवंती रात्रभर कूस बदलत राहायची. तिच्या गावचा सडा मी पायाखाली घातला होता. असा बेडूक तिथे मला कधी दिसला नव्हता. मी खाली मान घालून भाकरी खात राहिलो.

मास्तर म्हणाले, वहिनींनी जागा दाखवायला यावं. कॉलेजच्या माणसाला नाही कसं म्हणायचं, आईला कळेना. शेवटी सरकारी काम समजून तिने परवानगी दिली. आम्ही तिघं येष्टीने खाली उतरलो.

माहेरी पोचल्यावर शेवंती आईच्या उशाशी जी बसली ती उठेना. मी आणि मास्तर पावसात सडाभर दगड उलटत फिरलो. विंचू निघाले, खेकडे निघाले, बांगडा काही निघेना. दुसऱ्या दिवशी भिजून परतल्यावर मास्तरांनी ओटीवरूनच विचारलं, वहिनी, नक्की कुठे बघितला होता?

ती बाहेर आली. पदर नीट केला आणि सरळ सांगितलं. "बघूक नाय, मास्तरांनू. माका आवशीक बघूक व्हया होता."

मला वाटलं, आईला बघायला खोटं सांगितलं म्हणून आता हा माणूस भडकणार. ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "एका सड्यावर नाही मिळाला म्हणून खाली कुठेच नाही असं लिहिता येत नाही. आजूबाजूचे आणखी चार-पाच सडे बघायला हवेत. तोवर तुम्ही इथेच राहा."

आठवडाभर आम्ही सडे तुडवले. खरंच कामाची गरज होती की तिला दिवस मिळावेत म्हणून, ते मी विचारलं नाही. बेडूक शेवटपर्यंत मिळाला नाही. तिची आई त्या दिवाळीत गेली. पुढे शेवंती पुष्कळदा सांगायची, "आवशीन इचारल्यान, लावणी सोडून कित्याक इलंस गो? मी म्हटलंय, बेबो सोधूक. आजारपणातसून खदखदान हसली." सांगताना स्वतःही हसायची. मग डोळे पुसायची.

शेवंतीला जाऊन आता दुसरा पावसाळा. तापाने गेली. घरात मी एकटा. जेवण बेचव करतो आणि तेच गिळतो.

अजून कॉलेजची पोरं ह्या बेडकासाठी येतात. म्हातारबा, हा खाली कुठे दिसलाय का, असं विचारतात. मी सांगतो, किनाऱ्याकडे नाही, आम्ही बघून आलोय. कोण कोण, म्हणतात. मी म्हणतो, एक मास्तर, मी आणि माझी बायको. ते लिहून घेतात आणि पुढचं बेडकाचंच विचारतात. तिचं कोणी विचारत नाही. म्हणून हे लिहिलं.