क्लीनरच्या बाजूचं दार

कुठल्याही खोलीत शिरण्याआधी तो दार करंगळीने ढकलायचा, थांबायचा आणि कान द्यायचा. माझ्या केबिनचं दार कुरकुरलं की डॉक्टरने पेशंटच्या नातेवाइकाकडे बघावं तसं माझ्याकडे बघायचा. "पिन वाकलीय, साहेब." मी म्हणायचो, "मिस्त्री, कामाचं बोला."

आनंदनगर एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ट्रकच्या दारांच्या बिजागऱ्या बनायच्या. तो फिटर, मी सुपरवायझर. वयं साधारण सारखीच, पण मनात मी त्याला अरेतुरेच करायचो. आज आदरार्थी लिहिलं तर ते ढोंग होईल. ढोंग मी पुष्कळ केलंय, तेच सांगायला बसलोय.

दिवसभर बिजागऱ्या करून हा माणूस बदलापूरला घरी जाऊन काय करायचा? बिजागऱ्याच. फक्त तांदळाच्या दाण्याएवढ्या. पितळी पत्र्यातून तो एक ट्रक घडवत होता, खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाचा, आणि त्याची दारं उघडली पाहिजेत हा हट्ट.

"चिकटवून टाका की," मी म्हणालो. "कोण उघडतंय?"

"मी उघडतो ना," तो म्हणाला.

पन्नाशीचा बाप्या. कँटीनमध्ये आम्ही यावर महिनाभर हसलो.

एकदा उल्हासनगरला त्याच्याबरोबर गेलो होतो. तिथे मिळत नाही असं काही नसतं म्हणतात. त्याने हार्डवेअरवाल्या शेठला अर्ध्या सेंटिमीटरची बिजागरी मागितली. शेठने चष्मा कपाळावर चढवला. "साईं, कब्जा चाहिए या मच्छर का घुटना?"

तो शांतपणे म्हणाला, "घुटना भी चलेगा. एक ही तरफ मुडना चाहिए." आणि सुईसारखी बारीक पितळी नळी घेऊन निघाला. मी आणि शेठ हसत राहिलो.

त्या नळीचे तो पाच तुकडे करायचा. तीन चौकटीला, दोन दाराला, एकाआड एक. सगळ्यांतून एक पोलादी तार. अडचण अशी की नळ्यांना डाख देताना, म्हणजे कथील वितळवून त्या जोडताना, तारही डाखली जाते, मग सगळी मेहनत भंगारात. म्हणून तो तारेला बायकोच्या डबीतलं काजळ फासायचा. काजळावर डाख धरत नाही. ही युक्ती त्याने मला एखादा शोध लावल्यासारखी सांगितली, आणि मी जांभई दिली.

दार बसलं तरी किंचित हलायचं. ते मी बरोबर हेरलं. चुका हेरण्याचाच मला पगार होता.

"थोडं ढिलं हवंच, साहेब," तो म्हणाला. "नाहीतर दाराची भिंत होते."

हे वाक्य त्याने मला कितीदा ऐकवलं असेल. बिजागऱ्यांच्या कारखान्याचा सुपरवायझर मी, आणि मला हा शिकवणार.

मग एका मोठ्या गिऱ्हाइकाचे साहेब कारखाना बघायला येणार असं ठरलं. मालकांना हॉलमधल्या टेबलावर काहीतरी देखणं हवं होतं. मी मिस्त्रीकडून ट्रक एका दिवसापुरता मागून आणला. "सांभाळा," एवढंच तो म्हणाला.

मालकांनी विचारलं, "कोणी केला हो?"

मी म्हणालो, "मीच, सर. फावल्या वेळात."

चुकून तोंडातून गेलं म्हणायची सोय नाही, कारण त्यानंतर मी माझ्या नावाचं कार्ड छापून आणून ट्रकपुढे ठेवलं. मग मला ते हलणारं दार खुपायला लागलं. माझ्या नावामागे हलणारं दार! क्लीनरच्या बाजूच्या बिजागरीवर मी झटपट चिकटणाऱ्या डिंकाचा थेंब सोडला. दार हलायचं थांबलं. ड्रायव्हरच्या बाजूला वळणार तोच पाहुण्यांची गाडी आली, म्हणून ते दार वाचलं.

साहेबांनी नखाने ड्रायव्हरचं दार उघडलं. ते अलगद उघडलं. टाळ्या झाल्या. माझी मान झुकली, नम्रतेने झुकते तशी. मागच्या भिंतीशी कामगार उभे होते. त्यांत तोही होता आणि तोही टाळ्या वाजवत होता.

मग साहेब दुसऱ्या बाजूला वळले. दार उघडेना. त्यांनी जरा जोर लावला. टक्. नळ्या आणि तार चौकटीतच राहिल्या, दार त्यांच्या तळहातावर.

मी काय बोललो ते शब्दशः लिहितो. "सर, बिजागऱ्या आमच्या एका फिटरने केल्यात. या लोकांना कितीही शिकवा." आणि बोट दाखवलं. कौतुक मला, मोडतोड त्याला. इतकी चोख वाटणी मी नोकरीत दुसरी केली नाही.

सगळे गेल्यावर तो टेबलाशी आला. दाराच्या कडेवरचा पांढुरका थर त्याने नखाने खरवडला, वास घेतला. "थोडं ढिलं हवं होतं, साहेब." दार शर्टाच्या खिशात टाकलं.

"ट्रक घेऊन जा," मी म्हणालो.

"राहू द्या. कार्डावर तुमचंच नाव आहे."

"काय मिस्त्री, आज कोणाचं दार पाडलं?" हा त्यानंतर कारखान्याचा कायमचा विनोद झाला, तो रिटायर होईपर्यंत. मीही हसायचो. न हसलो असतो तर लोकांना शंका आली असती. माझ्या केबिनचं दार त्याने पुन्हा कधी करंगळीने ढकललं नाही. रीतसर टकटक करायचा.

आता मी चिखलोलीला राहतो. नव्या इमारतीतली दारं दोन वर्षांत किंचाळायला लागली आहेत. शोकेसमध्ये ट्रक होता, मोडकी बाजू भिंतीकडे करून. मिस्त्री गेल्याचं मला महिन्याने कळलं. जिवंतपणी जायची हिंमत नव्हती, गेल्यावर आली. माझ्यासारख्यांची हिंमत अशीच असते. ट्रक पिशवीत घालून बदलापूरला गेलो.

त्याच्या मुलीने मला बसवलं, पाणी दिलं. ट्रक बघून आत गेली आणि गोळ्यांची जुनी डबी घेऊन आली. डबीत ते दार होतं. नव्या नळ्या लावलेलं, सोबत नवी तार.

"बाबांनी त्याच आठवड्यात केलं होतं," ती म्हणाली. "ट्रक तुम्हीच बनवलात ना, काका? बसवा मग."

मी बसलो बसवायला. चौकटीतली जुनी तार हलेना. माझाच डिंक. नखं झिजली. "हात थरथरतात आता," मी म्हणालो.

"तेव्हा नव्हते थरथरत?"

तिने कापसावर नेलपॉलिश काढायचं पाणी घेतलं आणि बिजागरीवर धरून बसली. "डिंक याने सुटतो. बाबांनी सांगून ठेवलंय." थोड्या वेळाने पकडीने तार ओढली. ती निघाली, दाराच्या दोन जुन्या नळ्याही गळून पडल्या. मग दार लावून तिने नवी तार घातली आणि दार करंगळीने ढकललं. ते उघडलं, किंचित हललं.

मी म्हणालो, "ट्रक तुझ्या बाबांनी केला. दार मी बिघडवलं."

"आम्हाला माहीत आहे, काका. डिंकाचंही. ते त्या हॉलमध्ये सांगायचं होतं. इथे कोणाला सांगताय?"

त्या हॉलमध्ये टाळ्या वाजवलेल्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर त्यांनी त्या परत घ्याव्यात आणि योग्य माणसाला द्याव्यात. तो ऐकणार नाही, हे मला कळतं.

तिने मला घराचं दार उघडून दिलं. मी जिना उतरेपर्यंत ते मागे बंद झालं असणार. आवाज आला नाही.