फाटकाबाहेरची पत्रावळ

"बाहेर एक भिकारीण बसली, तिला नेऊन दे."

असं म्हणून आडतवाल्याच्या बायकोनं माझ्या हातात पत्रावळ दिली. भात, वरण, कुणाच्या तरी ताटात उरलेली बुंदी. बाहेर माझी आई बसली होती.

मी तेव्हा सतराची. नांदेडला मुलींच्या एका घरात राहायचे. घरापासून तुटलेल्या पोरींनी अठरा होईस्तोवर तिथं राहायचं, शिकायचं, पायावर उभं राहायचं. बाजार आम्ही आणायचो, सैपाक आम्ही करायचो. बाप न्हाई मला. दहावीचा निकाल लागायच्या आतच चुलत्यानं माझं लग्न ठरवलं होतं. आईनंच मला बिलोलीहून बसमध्ये घातलं अन् इथं आणून सोडलं. त्यापायी चुलत्यानं तिला घराबाहेर काढलं. तेव्हापासून ती वीटभट्टीवर. म्हणजे ही जागा गेली की मी परत चुलत्याच्या दारात, अन् तिथून मांडवात.

तिथं एक रीत होती. कुणाच्या बापाची पुण्यतिथी असली की ते लोक आम्हाला जेवू घालायला यायचे. त्या दिवशी आमची चूल बंद. ओळीनं बसायचं, हार घातलेल्या फोटोला हात जोडायचे. कुणी विचारलंच तर सांगायचं, "आम्हाला कोणी न्हाई." आई असली तरी हेच. घर चालवणाऱ्या मॅडम म्हणायच्या, "आई हाय म्हणलं की लोकांचा हात आखडतो." भेटायला कुणाचं माणूस आलं तर पंगत उठेस्तोवर फाटकाबाहेर बसवायचे.

त्या दिवशी आडतवाल्याच्या बापाची पुण्यतिथी होती. आईला ते काय ठाऊक? अमावस्येला भट्टी बंद, म्हणून ती आलेली. लुगड्यावर विटांची लाल धूळ तशीच. मांडीवर फडक्यात भाकरी.

मी पत्रावळ घेऊन फाटकाशी गेले. आईनं पत्रावळीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आण इकडं. घेते मी," ती हळूच म्हणली. "तू जा आत. कायी बोलू नको."

अन् तिनं हात पुढं केला. विटा उचलून सोललेला हात. माझी जागा राहावी म्हणून माझी आई भिकारीण व्हायला तयार झाली होती. मला त्या बाईचा राग नंतर आला. आधी आईचा आला. लई आला. तो पसरलेला हात बघून माझं डोकंच फिरलं.

पत्रावळ खाली ठेवली. आईचं मनगट धरलं.

"चल आत."

"येडी का काय? हाकलतील तुला."

"हाकलू दे."

ओढतच आणलं तिला. पंगतीत माझ्या जागेवर बसवलं.

"अगं, हिला कशाला आत आणलंस?" आडतवाल्याची बायको म्हणली.

"ही माझी आई हाय. भीक मागायला न्हाई आली. मला भेटायला आली."

वाढणारे थांबले. मॅडम माझ्या कानाशी आल्या. "इथं राहायचंय ना तुला?"

हाव, राहायचंच होतं, खोटं कशाला बोलू. पण म्हणले, "राहायचंय. आई मेली असं सांगून न्हाई राहणार."

आईनं त्यांच्या ताटाला हात लावला न्हाई. फडकं सोडलं, अर्धी भाकरी मला दिली. त्यांच्या पंगतीत बसून आम्ही आमची भाकरी खाल्ली.

मला काढलं न्हाई. मी सगळ्यांपुढं बोलले होते, काढतील कसं? पण तिथून पुढं संडास धुवायची पाळी कायम माझीच. धुतले.

आता लातूरला नर्सिंग शिकून राहिले. अठरा झालेल्या पोरींसाठी इथं एका संस्थेच्या खोल्या हायत, त्यातल्या एकीत राहते. परवा इथल्या ताई म्हणल्या, "रविवारी देणगीदार येणार. तू दोन शब्द बोल. रडू आलं तर रड, आवरू नको."

बोलीन की. आईला सांगावा धाडलाय. भट्टीचा खाडा करून येणार हाय ती. तिची खुर्ची पुढच्या ओळीत मी स्वतः मांडणार. आधी तिचं नाव सांगीन, मग माझं. ज्याचा हात आखडेल त्यानं खुशाल उठून जावं. माझी आई आता फाटकाबाहेर बसणार न्हाई.